मला थोडा वेळ

जोएल आढावच्या लग्नाला तीन आठवडे उरले होते आणि वराच्या मनोगताचा एक शब्दही कागदावर आला नव्हता. घरात कोणालाच त्याची काळजी नव्हती. गेल्या पाच वर्षांत नगरच्या ख्रिस्ती समाजातल्या निम्म्याअधिक लग्नांचं सूत्रसंचालन जोएलनेच केलं होतं. माईक हातात आला की तो मांडव हसता ठेवायचा, मुलीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आणायचा आणि बरोबर वेळेवर लोकांना जेवायला सोडायचा. आता त्याच्या स्वतःच्या लग्नात, जेवणाआधी, त्याने दहा मिनिटं बोलायचं होतं. त्याची आई सुलभाबाई भेटेल त्याला सांगत होती की चर्चमध्ये उशिरा पोचलात तरी चालेल, पण भाषण चुकवू नका.

हाच जोएल पाच वर्षांपूर्वी स्वतःचं नाव सांगू शकत नव्हता. 'ज'वर त्याचा जबडा मिटायचा तो उघडायचाच नाही. कॉलेजच्या लायब्ररीत कार्ड काढताना कारकुनाने नाव विचारलं, मागे रांग वाढत गेली आणि शेवटी त्याने 'आनंद' असं सांगून टाकलं, कारण 'आ' त्याला जमायचा. पुढची दोन वर्षं लायब्ररीत तो आनंद आढाव होता. केमिस्ट्रीत पहिल्या वर्गात एम.एस्सी. होऊनही तो एका शाळेत प्रयोगशाळा साहाय्यक म्हणून लागला. तिथे बाटल्या धुवायच्या, द्रावणं तयार ठेवायची आणि मान हलवायची, एवढंच काम होतं.

मग पुण्यातल्या एका रुग्णालयाने 'ओघ' नावाच्या यंत्राच्या चाचणीसाठी माणसं मागवली आणि जोएल गेला.

बोलण्याचा हुकूम मेंदूतून सुटतो तेव्हा जीभ, ओठ, स्वरयंत्र आणि छाती यांच्या कितीतरी स्नायूंनी एका तालात हलायचं असतं. तोतरं बोलणाऱ्याला शब्द माहीत असतो, हुकूमही सुटलेला असतो, फक्त ताल चुकतो. एक स्नायू आधी निघतो, दुसरा अडून बसतो आणि शब्द घशात कोंडतो. ओघ हा ताल धरायचं. डाव्या कानाच्या वर, कवटीच्या आत, मेंदूच्या पृष्ठभागावर कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ जाळी बसवलेली असे. ती हुकूम वाचायची. कानामागच्या कातडीखाली रुपयाएवढी एक चकती होती. ती त्या हुकुमाचा हिशेब लावून हनुवटीखालच्या मज्जातंतूंना हलके ठोके द्यायची. स्नायू त्या ठोक्यांवर चालायचे. आवाज त्याचाच, घसाही त्याचाच.

पण हुकूम नेहमी स्वच्छ नसतो. माणूस घाबरला, घुटमळला, की तो गढूळ होतो. अशा वेळी यंत्र थांबलं तर माणूस पुन्हा अडकणार. म्हणून ते थांबत नसे. आधीचे शब्द बघून आणि या माणसाने आजवर अशा प्रसंगी काय म्हटलंय ते बघून ते सगळ्यांत जास्त शक्यतेचा पुढचा शब्द भरून टाकायचं. डॉक्टर त्याला 'भर' म्हणत. मोबाईलवर लिहिताना पुढचा शब्द सुचवला जातो तसंच हे होतं, फक्त घ्यायचा की नाही हे विचारायला कोणी थांबत नव्हतं.

पहिल्या वर्षी जोएलच्या बोलण्यात भर अगदी क्वचित पडायची. तो वर्गावर शिकवू लागला. चर्चच्या कार्यक्रमात त्याच्या हाती माईक आला आणि मग तो सुटलाच नाही.

तीन आठवडे उरलेल्या त्या सोमवारी शाळा सुटल्यावर तो प्रयोगशाळेत एकटा थांबला आणि भिंतीवरच्या मूलद्रव्यांच्या तक्त्यासमोर उभं राहून भाषणाचा सराव करू लागला. त्याला एकच गोष्ट सांगायची होती. ती सांगून झाल्यावर बाकीचं भाषण आपोआप सुचेल असं त्याला वाटत होतं. पहिलं वाक्य नीट आलं. "केझिया, तुला एक सांगायचंय." दुसऱ्या वाक्यात त्याला म्हणायचं होतं की त्या दिवशी खंदकाजवळ मी बोललो ते मला बोलायचं नव्हतं. तो म्हणाला, "त्या दिवशी खंदकाजवळ मी बोललो ते आजही तितकंच खरं आहे."

त्याने पुन्हा सुरुवात केली. या वेळी वाक्य संपलं ते 'ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत सुंदर वाक्य होतं' असं. आठ-नऊ वेळा प्रयत्न केला. दर वेळी काहीतरी गोड निघालं, आणि दर वेळी त्याच्याच आवाजात, त्याच्याच त्या मांडवातल्या लकबीत. शेवटी तो स्टुलावर बसला. 

खंदकाजवळची गोष्ट नऊ महिन्यांपूर्वीची. केझिया खरात नगरच्या भूमी अभिलेख कार्यालयात भूमापक होती. बांधावरून भांडणाऱ्या भावाभावांच्या मध्ये मोजणीचं यंत्र रोवून उभं राहायचं आणि दोघांनाही नको असलेला आकडा सांगायचा, हे तिचं रोजचं काम. ती मूळची श्रीरामपूरची. एका लग्नात तिने जोएलला बोलताना ऐकलं आणि नंतर स्वतःहून येऊन ओळख करून घेतली. वर्षभर दोघं भेटत राहिले. एका रविवारी उपासनेनंतर भुईकोट किल्ल्याच्या खंदकाकडेने चालताना तिने सरळ विचारलं, दोन्ही घरून विचारणा होतेय, तर आपण लग्न करायचं का.

जोएलला ती आवडत होती. पण तिने त्याला कधी अडखळताना ऐकलं नव्हतं. डोक्यात यंत्र आहे हे तिला ठाऊक होतं, टाक्यांची खूणही तिने पाहिली होती. तरी त्या यंत्राविना असलेला माणूस तिला माहीत नव्हता. तो तिला आधी भेटवावा आणि मग काय ते ठरवावं, असं काहीसं त्याच्या मनात होतं. त्याने बोलायला सुरुवात केली. "मला थोडा वेळ," इतकं म्हणून तो घुटमळला, आणि त्याने स्वतःचा आवाज ऐकला. "मला थोडा वेळही नको. हो."

केझिया आधी हसली, मग तिने तोंड फिरवून डोळे पुसले. तिचं पूर्वी एक लग्न ठरून मोडलं होतं. त्या मुलाने साखरपुड्यानंतर मोबाईलवर चार ओळींचा मेसेज पाठवून नकार कळवला होता. त्यानंतर क्षणाचाही विचार न करता हो म्हणणारा माणूस तिला भेटत होता. जोएल गप्प राहिला. आपण नेमकं काय म्हणणार होतो, हे त्या क्षणी त्यालाही धड सांगता आलं नसतं. आणि तिचा चेहरा बघून त्याला वाटलं, कदाचित हेच म्हणायचं असेल.

ते वाक्य मग घराघरांत गेलं. खरातांच्या घरी त्याचं कौतुक झालं. सुलभाबाईंनी ते लग्नाच्या पत्रिकेवर, बायबलमधल्या वचनाखाली, छापून घेतलं.

बुधवारी जोएल रजा टाकून पुण्याला डॉक्टर मृणाल वर्तकांकडे गेला. ओघच्या चाचणीत त्या पहिल्यापासून होत्या. यंत्राने ठेवलेली खंदकाजवळच्या त्या दिवसाची नोंद पाहायची असल्याचं त्याने सांगितलं. डॉक्टरांनी कारण विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून 'सहज, आठवण म्हणून' असं निघालं, पण त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

नोंदीत दोन रकाने होते. एकात मेंदूकडून आलेला संदेश, दुसऱ्यात तोंडातून निघालेलं वाक्य. पहिल्या रकान्यात 'मला थोडा वेळ' आणि पुढे 'अस्पष्ट' असं होतं. दुसऱ्यात 'मला थोडा वेळही नको. हो.' त्यातला 'ही' आणि पुढचे शब्द तांबड्या रंगात होते. तांबडा रंग म्हणजे भर.

जोएलने बोलायचं टाळून टेबलावरचा कागद ओढला आणि त्यावर लिहिलं, 'हेच शब्द का?'

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. यंत्र माणसाच्या स्वतःच्या बोलण्यातूनच शिकतं. जोएल पाच वर्षं मांडवात बोलत आला होता. नवरदेवाने क्षणाचाही वेळ घेतला नाही, अशी वाक्यं त्याने शंभर वेळा म्हटली होती. भावनेचा प्रसंग आला की यंत्राला मांडवच आठवत होता. शिवाय भर पडते ती संदेश गढूळ झाल्यावर, आणि संदेश गढूळ होतो तो बोलायला जड जातं तेव्हा. त्यांनी नोंदीचा सारांश काढून दाखवला. गेल्या वर्षभरात शाळेत शिकवताना भर तीन टक्के होती. केझियाशी बोलताना ती एकेचाळीस टक्के होती.

"म्हणजे मी..." जोएल म्हणाला, आणि वाक्य 'खूप नशीबवान आहे' असं पूर्ण झालं. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

डॉक्टरांनी पडदा परत आपल्याकडे वळवला. मग म्हणाल्या, "त्या अस्पष्ट जागी काय होतं, हे यंत्राला माहीत नाही. मलाही नाही. तुम्हाला माहीत असेल तर ते सांगण्याचा एकच मार्ग आहे."

तो मार्ग जोएललाही ठाऊक होता. कानामागची चकती दहा सेकंद दाबून धरली की यंत्र झोपी जात असे. ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात त्याने ते एकदा करून पाहिलं होतं आणि पुन्हा कधी केलं नव्हतं. डॉक्टरांनी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. एकदा बंद केलं की सहा तास ते चालू होणार नाही, कारण मेंदूच्या संदेशांशी त्याला नव्याने जुळवून घ्यावं लागतं. आणि पाच वर्षं स्नायू आयत्या ठोक्यांवर चालल्यामुळे पूर्वीपेक्षा जास्त अडखळायला होईल, कितीतरी जास्त. जोएलने मान डोलावली आणि नगरची बस पकडली.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये त्यांच्या लग्नाची तिसरी आणि शेवटची घोषणा होती. पाळकांनी दोघांची नावं वाचली आणि रीतीप्रमाणे विचारलं की या विवाहाला कोणाची काही हरकत असेल तर त्याने आता बोलावं. केझिया त्या दिवशी श्रीरामपूरला होती. जोएल आईवडिलांच्या मध्ये बसला होता. हरकत नव्हती, पण हे थोडं पुढे ढकलावं एवढं त्याला म्हणायचं होतं. एरवी तो कधी उठला नसता. त्या क्षणी मात्र पाय आपोआप उभे राहिले. सगळ्या बाकांवरून माना वळल्या. त्याने तोंड उघडलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "आमेन."

चर्चभर हसू पसरलं. पाळकही हसले आणि म्हणाले की वराला फार घाई झालेली दिसते. जोएल खाली बसला. वडिलांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

केझियाला समोरासमोर सांगायचं, असं त्याने ठरवलं. लिहून देणं सोपं होतं, आणि दोन वेळा त्याने लिहिलंही. पण ओळखीच्या पहिल्याच महिन्यात केझियाने त्याला सांगून ठेवलं होतं की काहीही असो, तोंडावर सांग, लिहून पाठवू नकोस; एकदा वाचलंय तेवढं पुरे आहे. त्याने दोन्ही कागद फाडले.

लग्नाला पाच दिवस असताना, शिवलेला सूट त्याच्या अंगावर कसा बसतो ते बघायला ती त्याच्यासोबत शिंप्याकडे आली. शिंपी आतल्या खोलीत गेला तेव्हा दुकानात दोघंच होते. जोएलचं बोट कानामागे गेलं. दाबून धरलं तर दहा सेकंदांत ते होऊन गेलं असतं. तीन सेकंद त्याने दाबलंही. पण तो आरशासमोर होता. आरशात त्याला स्वतःचा जबडा दिसला आणि तो कसा वाकडा होईल, मान कशी झटके घेईल, डोळे कसे मिटतील, हे आठवलं. पाच वर्षांत तो चेहरा त्याने कोणालाच दाखवला नव्हता. त्याने बोट काढलं आणि यंत्र चालू असतानाच बोलून पाहिलं.

"केझिया, आपण लग्न थोडं..." तो म्हणाला.

"थोडं काय?"

"...थोडं आधी ठरवायला हवं होतं."

तिने त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली. मग काहीतरी खटकल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, सगळं ठीक आहे ना. त्याने ठीक असल्याचं सांगितलं. त्या उत्तरात किती शब्द तांबडे असतील, याचा विचार करत तो घरी गेला.

लग्न जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी साडेदहाला लागलं. केझिया पांढऱ्या पैठणीत होती. पाळक वचनाचा एकेक तुकडा म्हणत होते आणि जोएल तो पाठोपाठ म्हणत होता. सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात. शब्द सहज आले. नंतर त्याने ती नोंद पाहिली तेव्हा वचनाच्या वेळी भर शून्य होती. दुसऱ्याचे शब्द त्याच्यामागून म्हणताना कोणीच अडखळत नाही, असं डॉक्टर वर्तकांनी तेव्हा सांगितलं. त्या सकाळी मात्र आपण हे बोलतोय की म्हणून दाखवतोय, हे जोएलला समजत नव्हतं. चर्चचं दार मागे बंद होतं आणि बाकं भरलेली होती.

मांडव चर्चच्याच आवारात होता. चारशे माणसं असतील. रुग्णालयातून दोघं जण कॅमेरा घेऊन आले होते; ओघच्या पाच वर्षांच्या अहवालासाठी त्यांना वराचं भाषण चित्रित करायचं होतं. सूत्रसंचालन जोएलचा आतेभाऊ सॅमसन करत होता. त्याने जोएलची ओळख करून देताना पत्रिकेवरचं वाक्य पडद्यावर मोठ्या अक्षरात दाखवलं आणि लोकांना ते एकसुरात म्हणायला लावलं. चारशे माणसं म्हणाली, "मला थोडा वेळही नको."

केझियाही म्हणाली. म्हणताना ती त्याच्याकडे बघत होती. एरवी कोणाच्याही सांगण्यावर विश्वास न ठेवणारी, फीत लावून मोजल्याशिवाय हो न म्हणणारी ही मुलगी त्या एका वाक्यावर इतक्या निर्धास्तपणे उभी होती की जोएलला ते बघवेना. सॅमसन माईक घेऊन त्याच्याकडे येत होता. जोएलने केस नीट केल्यासारखं करून कानामागे बोट नेलं आणि दाबून धरलं. सॅमसनने काहीतरी विनोद केला, लोक हसले. दहा सेकंद झाले. हनुवटीखाली नेहमी असणारी बारीकशी थरथर थांबली.

त्याने माईक घेतला.

पहिला शब्द तिचं नाव होतं. 'के' घशात आला आणि तिथेच रुतला. त्याचा जबडा डावीकडे ओढला गेला. डोळे मिटले. माईकमधून नुसता श्वास ऐकू येत होता आणि मधूनच 'क्', 'क्' असा आवाज. लोकांना आधी वाटलं की तो गंमत करतोय. पुढच्या रांगेत दोघं-तिघं हसले. मग हसणं थांबलं. कॅमेऱ्याजवळच्या माणसाने घाईने फोन काढला आणि कोणाला तरी सांगितलं की यंत्र बंद पडलंय.

सुलभाबाई खुर्चीतून उठल्या. ही अवस्था त्यांनी पंचवीस वर्षं पाहिली होती. जोएलचे वडील स्टेजवर आले आणि माईक आपल्याकडे द्यायला खुणावू लागले. दोन शब्द आभाराचे बोलून लोकांना जेवायला पाठवू, असं ते हळूच म्हणाले. जोएलने माईक सोडला नाही. वडिलांनी त्याचं मनगट धरलं.

"पप्पा, थांबा," केझिया म्हणाली. "त्याला काहीतरी सांगायचंय."

वडील थांबले.

त्यानंतर जोएलला तीन वाक्यं म्हणायला सहा मिनिटं लागली, असं चित्रणावरून पुढे कळलं. मधे एकदा तो इतका वेळ अडकला की मागच्या बाजूला कोणीतरी वाढप्यांना सुरुवात करायला सांगितलं आणि भांड्यांचा आवाज सुरू झाला. शेवटी मांडवाला जे ऐकू आलं ते असं. खंदकाजवळ मी ते म्हणालो नव्हतो. मला थोडा वेळ दे, असं म्हणायचं होतं. पुढचं यंत्राने भरलं.

पडद्यावर ते वाक्य अजून तसंच होतं. सॅमसनने धावत जाऊन पडदा बंद केला.

केझियाचा चेहरा उतरला, पण आवाज मोजणीच्या वेळी असतो तसाच राहिला. "नऊ महिने तुला माहीत होतं?"

त्याने बोटांनी तीन दाखवले आणि मग म्हणाला, "त्... तीन आठवडे. न्... नक्की. आ... आधी शंका."

"सकाळी चर्चमध्ये जायच्या आधी का नाही सांगितलंस?"

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं. ते यायला बराच वेळ लागला. तोपर्यंत पुढच्या रांगेतली त्याची मावशी 'प्रेमामुळे म्हण, बाळा' असं पुटपुटली आणि सॅमसनने मागून 'धीर झाला नाही' असं सुचवलं. केझियाने त्या दोघांकडे असं पाहिलं की दोघंही गप्प झाले.

"भ्... भीती," जोएल म्हणाला.

तिने मान डोलावली. हे उत्तर तिला पटलेलं दिसलं, आवडलेलं नाही. मग तिने त्याच्या हातून माईक घेतला, लोकांना जेवून घ्यायला सांगितलं, आणि चौकशी करत कोणी आमच्याजवळ येऊ नका असंही सांगितलं.

त्या दुपारी वधू आढावांच्या घरी गेली नाही. आपल्या आईवडिलांच्या गाडीत बसून ती श्रीरामपूरला गेली. जाताना तिने जोएलला एवढंच विचारलं की आता तरी वेळ हवा आहे का. तो हो म्हणाला. किती, हे तिने विचारलं तेव्हा त्याला सांगता आलं नाही. तिने पैठणीचा पदर गाडीत ओढून घेतला आणि दार लावलं.

पुढचे महिने सोपे नव्हते. नगरमध्ये जोएलबद्दल दोन मतं पडली. सुलभाबाई कितीतरी आठवडे त्याच्याशी बोलल्या नाहीत. आपल्या मुलाने चारशे लोकांसमोर आपलं घर उघडं पाडलं असं त्यांना वाटत होतं. रुग्णालयाने त्या दिवसाचं चित्रण अहवालातून वगळलं. पण डॉक्टर वर्तकांनी वरिष्ठांशी भांडून यंत्रात एक बदल करून घेतला. आता भर पडण्याआधी माणसाच्या कानात बारीकशी टिक वाजायची आणि त्याने जीभ टाळूला लावली की भर रद्द व्हायची. चाचणीतल्या सगळ्यांना तो बदल बसवला गेला. जोएल शाळेत शिकवताना यंत्र चालू ठेवायचा. शनिवारी सकाळी ते बंद करून श्रीरामपूरच्या बसमध्ये बसायचा.

खरातांच्या ओट्यावर दोन खुर्च्या असत. पहिल्या दोन शनिवारी केझिया बाहेर आली नाही. तिच्या वडिलांनी चहा दिला आणि तो पिऊन तो परत गेला. तिसऱ्या शनिवारी ती आली. तिने त्याला सुरुवातीपासून सगळं सांगायला लावलं. लायब्ररीतल्या आनंदपासून. ते सांगायला तीन शनिवार लागले. मधे तिला राग आला की ती उठून आत जायची आणि मग पुन्हा येऊन बसायची. तिने त्याला हेही ऐकवलं की यंत्र नऊ महिने त्याच्या तोंडून बोललं हे खरं, पण त्यापुढचे तीन आठवडे गप्प तो स्वतः राहिला होता. जोएलने ते मान्य केलं.

जूनच्या अखेरीस तिने नगरच्या कार्यालयाजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि त्याला कळवलं की आढावांच्या घरी नाही, पण तिथे राहायचं असेल तर ये. तो कपड्यांची एक बॅग घेऊन गेला. यंत्र घरात बंद राहील, एवढीच तिची अट होती. ती अट त्याने स्वतःच घातली असती.

तिथे राहायला लागून महिना झाला असेल. एका गुरुवारी संध्याकाळी दोघं चितळे रोडच्या भाजीबाजारात गेले होते. केझिया दिवसभर उन्हात मोजणी करून आलेली, पाय दुखत होते, आणि भाजीवालीसमोर गर्दी होती. उद्या डब्याला काय करू, असं तिने विचारलं. जोएलने तोंड उघडलं. ओठ मिटले आणि मिटलेलेच राहिले. मागच्या बाईने पिशवी पुढे सरकवली. भाजीवाली ताजवा धरून बघत होती.

"भेंडी," केझिया म्हणाली. "अर्धा किलो द्या."

भाजीवालीने भेंडी ताजव्यात टाकली. जोएलने ओठ सोडले आणि मान खाली घातली.

ते केझियाला दिसलं. ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने पुढे होऊन ताजव्यातली भेंडी दोन्ही हातांनी उचलली आणि परत टोपलीत ठेवली.

"मावशी, जरा थांबा," ती भाजीवालीला म्हणाली. "यांचं सांगून झालेलं नाही."

मागची बाई काहीतरी बडबडली. केझियाने पिशवी खांद्यावरून काढून जमिनीवर ठेवली आणि ती जोएलकडे तोंड करून उभी राहिली. त्याच्या ओठांकडे तिने पाहिलं नाही, नुसती उभी राहिली. जोएलने पुन्हा सुरुवात केली. बराच वेळ गेला.

"भ्... भ्... भोपळा," तो म्हणाला.